नावडतीचं मीठ

साडेनऊला तेल पुन्हा तापवायचं,
कारण नऊ चाळीसला राण्या सुटतात.
म्हणजे प्रेक्षक सुटतात,
लीथ वॉकच्या उतारावरून थेट आमच्या काचेपाशी,
नाकं लाल, हातात सुरळी केलेला कार्यक्रमाचा कागद
आणि तोंडी गेले सहा आठवडे एकच:
हे नाटक, की नुसती गाणी?

मी पाहिलेलं नाही.
त्या वेळेला मी इथे मासे पिठात बुडवत असते.
तरी सगळं ठाऊक आहे.
पाच राण्या, पाच माइक, मध्यंतर नाही.
सगळ्या जुन्या स्कॉटलंडच्या,
पुस्तकात राजाच्या खांद्याआड उभ्या केलेल्या.
प्रत्येकीला एक गाणं, आणि अट एकच,
राजाचं नाव घ्यायचं नाही.

"बेचाळीस पौंड, सत्तर मिनिटं,"
डूगल सुटे पैसे मोजत म्हणतो,
"सेकंदाला एक पेनी. खुर्चीसुद्धा गरम होत नाही."
सेंगा अकराव्यांदा पाहून आलेली.
"मापाने हवं असेल तर कापडाच्या दुकानात जा."
कॅट्रिओना शाळेत इतिहास शिकवते,
तिला चिप्सपेक्षा चूक लवकर दिसते.
"राजा गाळला, तर या राण्या कोणाच्या?"
"अगं, तेच तर गाणं आहे!"
सेंगाच्या हातातला काटा हवेत,
काट्यावरचा हॅडकचा तुकडा
माझ्या स्वच्छ फरशीवर.

मी मीठ घालते, सॉस घालते.
भांडण एवढं चविष्ट
की विनेगर मागायचं राहून जातं.

पाचवीवर मात्र सगळे अडतात.
ती सात वर्षांची. नॉर्वेहून जहाजाने निघाली
आणि ऑर्कनीच्या पुढे आलीच नाही.
तिला तर गाळायलाही राजा नव्हता.
तिची पाळी येते तेव्हा ढोल थांबतो.
ती माइकपाशी येते, श्वास घेते,
ओठ उघडते,
आणि अंधार.
अकरा सेकंद.

"अकरा पेन्स," डूगल म्हणाला त्या गुरुवारी,
"आणि बदल्यात काय? काही नाही!
बाकीच्यांना धूर, दिवे, नाचणाऱ्या पोरी.
हिला निदान एक कडवं द्यायचं."
नावडतीचं मीठ अळणी, तसंच हे, मला वाटलं,
आणि मिठाचा डबा हातातच राहिला.
सेंगासुद्धा गप्प होती.
अकरा वेळा पाहूनही
त्या अंधारात काय असतं, तिला सांगता येईना.

रांगेत त्यांच्या मागे हिरव्या रेनकोटातली एक मुलगी.
बुटकी. विशीतली असेल.
कानामागे चंदेरी चमक, पुसायची राहिलेली.
मी ओळखलं. त्यांनी नाही.

"कोणीतरी रोज खोकतं," ती म्हणाली,
कोणालाच उद्देशून नाही.
"आठव्या सेकंदाच्या आसपास.
मी श्वास आत धरून उभी असते,
हिशोब सगळा पाठ असतो,
आणि कोणीतरी खोकतं.
आज तुम्ही होतात.
चौथी रांग, कडेची खुर्ची."

डूगलच्या मुठीतली नाणी वाजायची थांबली.
कॅट्रिओनाने चष्मा काढला, उगाच पुसला.
तेल तेवढं बोलत राहिलं.

"मीठ?" मी विचारलं.
"घाल. भरपूर घाल."
पैसे देऊन ती गेली, पुडा छातीशी धरून,
चढाच्या दिशेने, बावीस नंबरच्या बसचीही वाट न पाहता.
काउंटरवर तिच्या अंगठ्याची चकाकी राहिली.
मी ती पुसली. पुसायला नको होती
हे नंतर वाटलं.

रात्री कढई गार होताना मी घड्याळाकडे बघत
अकरा मोजून पाहिले.
बरंच लांब असतं ते.

शनिवारी डूगल पुन्हा आला, एकटाच,
वरच्या खिशात नवीन तिकिटाचं अर्धुक
आणि खोकल्याच्या गोळ्यांची अख्खी पुडी.
"काय मग?" मी विचारलं.
त्याने मिठाचा डबा स्वतःच उचलला,
बराच वेळ हलवत राहिला.
"महागच आहे," तो म्हणाला. "अजूनही महागच आहे."