रविवारची रिकामी फेरी

फैजपूर, न्हावी, आमोदा, परत फैजपूर.
दर दोनशे पावलांवर एक दप्तर चढतं.
दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा.
असल्या चालीत इंजिनाला कधी नीट ताव येत नाही
आणि पोटाखालच्या डब्यात
काजळी साचत जाते, गुपचूप.
गुरुवारी पिवळा दिवा लागला.

गॅरेजवाला हेमू भिरूड म्हणाला,
"पोकळ करून देतो तडवी, तीन हजारात.
बाहेरून कोणाला दिसणार बी नाही.
गाडी कशी मोकळी पळते पाहा भो."

मोकळी म्हणजे कशी, ते मला ठाऊक आहे.
जुनी बस चढावर टाकली
की मागं काळं लुगडं सोडायची,
आणि शेवटच्या सीटवरची वैशाली झांबरे उतरायची तेव्हा
तिच्या नाकाखाली बारीक काळी मिशी.
पोरं हसायची. मीही हसलो होतो.

हेमूनं एका ट्रकचा डबा कापला, तेव्हा पाहिलं:
आत पोळं. भाजलेल्या मातीचं.
एक नळी पुढून बुजलेली, शेजारची मागून.
धूर शिरतो, पुढं वाट नाही,
मग भिंतीतून झिरपत पलीकडे निघतो
आणि काजळी अलीकडेच राहते,
गाळणीत चहाची पत्ती राहते तशी.
नाही, तशी नाही.
पत्ती झटकता येते.
ही जाळावीच लागते,
आणि तिला जळायला लांब पल्ला लागतो.

म्हणून चाळीस रिकाम्या सीटा घेऊन
भुसावळ ओलांडलं, हायवेला लागलो.
दीपनगरच्या चिमण्या आपापला धूर सोडत उभ्या.
त्यांच्याशी आपलं काही बोलणं नाही.
वरचा गिअर. पाय हलवायचा नाही.
वरणगाव. केळीचे ट्रक मागं पडत गेले.
माझ्या पायाखाली कुठंतरी सहाशे डिग्रीवर
आठवडाभराचं सगळं जळत होतं,
मला वर नुसतं उकडत होतं.

हरताळ्याच्या अलीकडे दिवा विझला.

ढाब्यावरच्या पोऱ्यानं विचारलं,
"पोरं कुठी गेली मामा?"
"घरी. त्यांचंच काम घेऊन आलो."

चहा होईस्तोवर नळी निवली.
इस्त्रीचा रुमाल तिच्या तोंडात फिरवला.
पांढराच.

राख मात्र उरते. ती जळत नाही.
कधीतरी डबा काढून झाडावा लागेल, बिल येईल,
संस्थेचे चौधरी कपाळाला हात लावतील.
ते तेव्हा बघू.
परतताना खिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्या.
मागं कोणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली
घरंगळत राहिली, इकडून तिकडे,
थेट फैजपूरपर्यंत.