पाचशे त्रेसष्टावं अक्षर

ओरिस्तानोच्या तंत्रशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
आन्तिओका पिरास बाई फळ्यावर चारच अक्षरं लिहितात.
ए, टी, जी, सी.
खडू दमट. समुद्राकडची खिडकी
गेल्या हिवाळ्यापासून नीट लागत नाही.

लिपी गरीब आहे, त्या सांगतात.
ना काना, ना मात्रा, ना दोन शब्दांत जागा.
तीन-तीन करून वाचायचं,
दर तिकडीला एक अमिनो आम्ल,
मणी ओवावेत तसं ओवत जायचं.
माळ संपली की सरळ राहत नाही:
मुडपते, वळते, स्वतःवरच रेलते,
आणि वळता वळता
तिच्या पोटात एक खिसा तयार होतो.
आत काय बसतं, बाहेर काय राहतं,
जगणं बरंचसं त्यावर चालतं.

आता वही उघडा. जनुक जी-सिक्स-पीडी.
पाचशे त्रेसष्टावं अक्षर सी.
टीसीसी, म्हणजे सेरीन.
बाई तळव्यानं मधला सी पुसतात, टी लिहितात.
टीटीसी. फेनिलअ‍ॅलनीन.
ध चा मा.
पाचशे पंधरा मण्यांतला एक बदलला,
घडी सैल झाली,
विकर लवकर थकू लागलं.

तिसऱ्या बाकावर बाकिसियो मुर्जा
पाकिटातलं पिवळं कार्ड चाचपतो.
त्यावर नाव, रक्तगट, वर्ज्य औषधं,
आणि सगळ्यांत वर, ठळक: फावा.
एप्रिलमध्ये बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागले
की तो पलीकडच्या फुटपाथनं जातो.
चार वर्षांचा असताना मूठभर खाल्ल्या होत्या,
कोवळ्या, कच्च्या, शेजारच्या परड्यात.
दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी,
डोळे हळदीचे,
आणि हातात चढत असलेली
कुणा अनोळखी माणसाच्या रक्ताची पिशवी.

बाई त्याच्याकडे बघत नाहीत. मुद्दाम.
लाल पेशी, त्या म्हणतात,
घरदार विकून फिरतीवर निघालेली.
केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत,
नवं प्रथिन घडवायची सोय नाही.
निघताना जे विकर गाठीला बांधलं
त्यावरच एकशेवीस दिवस काढायचे.
त्याच्याकडे ग्लुकोजचा एक फाटा वळतो,
त्यातून एनएडीपीएच सुटतं,
त्यानं ती आपला गंज खरवडत राहते.
फाव्यातलं द्रव्य गंज चढवतं भराभर.
गाठोडं रिकामं असेल, तर पेशी फुटते.

बाकिसियो हात वर करतो.
हे एक्स गुणसूत्रावर असतं ना?
म्हणजे मला आईकडून.
मग चूक आईची?

कुणीतरी पेन टिचकवायचं थांबतं.

बाई खडू ठेवून खिडकीशी जातात.
ती निलगिरीची रांग दिसते? पलीकडची भातखाचरं?
तिथे दलदल होती, माझ्या बापाच्या लहानपणी.
हिवतापानं त्याची तीन भावंडं नेली.
हे अक्षर ज्या पेशीत,
तिथे त्या तापाच्या जंतूला नीट बिऱ्हाड करता येत नसे.
ज्यांच्याकडे होतं त्यांतले जरा जास्त वाचले. इतकंच.
अक्षराला चूक-बरोबर कळत नाही.
दलदल आटवली. अक्षर राहिलं.
आणि फावा आपण पेरतच आलो,
चवीला बऱ्या लागतात म्हणून, दुसरं काय.

घंटा होते. सायट्रिक आम्लाचं चक्र उद्यावर.
मिन्तोनिया फळा पुसायला उठते,
सगळं पुसते, तो टी तेवढा ठेवते.
का, ते तिलाही सांगता यायचं नाही.

सुट्टीत बाकिसियो डबा उघडतो.
आई भातगिरणीत पहाटेच्या पाळीला जाते,
त्याआधी पाव कापून तिनं चीज भरलेलं.
तो सावकाश चावतो. लाळेतच स्टार्च तुटायला लागतं,
जिभेवर किंचित गोड.
गुंडाळलेल्या कागदावर, पेन्सिलनं:
सफरचंदही खा.
त्यात एक अक्षर चुकलं आहे.
नेहमी तेच चुकतं.
तो सफरचंद खातो.