टेकू

सरांनी फळ्यावर पाच गोल काढले.
पहिल्यात लिहिलं 'समानुभूती',
आणि म्हणाले, सहानुभूती नव्हे, फरक समजून घ्या.
आम्ही फरक लिहून घेतला.

गट क्रमांक सात: हर्षदा बागूल, तन्वीर, ओजस, मी
आणि कैवल्य, जो ग्रुपवर नुसता अंगठा दाखवायचा.
चिठ्ठीत निघाला गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार.
मुदत पुढच्या गुरुवारी, संध्याकाळी पाच.

ठकूबाई गिरणाऱ्याहून पहाटेच्या बसने आलेली.
पाटीत मेथी, शेपू, थोडी कोथिंबीर.
एप्रिल. घाटाची फरशी दहालाच तापलेली.
हर्षदानं फॉर्म काढला, त्यात अठरा प्रश्न.
'मावशी, धंद्यात तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?'
तिनं जुड्यांवर पाणी शिंपडलं,
चार थेंब आमच्या फॉर्मवर.
'आत्ता? आत्ता तुमी म्होरं उभे हाय,
गिऱ्हाईक मागं अडलंय.'
ओजसनं हे लिहिलं नाही.
त्यासाठी रकाना नव्हता.

मग आठ दिवस सिडकोत, आमच्या पुढच्या खोलीत.
भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या,
पंखा दोनवर गेला की निम्म्या जमिनीवर.
आई म्हणायची, रंग निघाला तर तुमच्या सरांना बोलावेन.
ज्याची चिठ्ठी त्याला तीच सोन्याची वाटे;
ओजस आणि हर्षदा दोन दिवस बोलले नाहीत
सौर पंख्यावरून.
शेवटी तन्वीरचं ऐकलं. त्याच्या अब्बांचं सुतारकाम
भद्रकालीत, त्याला खिळा आणि गोष्ट दोन्ही सरळ ठोकता येतात.
मिक्सरच्या खोक्यातून त्यानं स्टँड कापला,
गिऱ्हाइकाकडे पंधरा अंश कललेला,
म्हणजे लांबूनच जुडीचा हिरवा दिसावा.
आम्ही टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या.

बुधवारी रात्री दीड वाजता
फोटो लहान करायचं काम कैवल्यकडे,
कारण दुसरं काही उरलंच नव्हतं.
'थांबा,' तो म्हणाला.
सबंध सत्रातला हा त्याचा पहिला शब्द.
पाटीच्या मागच्या काठाखाली
ठकूबाईच्या चपला होत्या,
एकीवर एक, टाच टाचेला लावून.
पाटी पुढं झुकलेली.
तन्वीरनं लॅपटॉपच्या पडद्यावर कोनमापक धरला,
धाकट्या बहिणीच्या कंपासातला.
'चौदा,' तो म्हणाला. 'फार तर पंधरा.'

कुणीतरी चहा करायला उठलं, दूध नव्हतं.
हर्षदा म्हणाली, चोवीस स्लाइड झाल्यात, आता नाही.
मतं घेतली. मीही हात वर केला.
फोटो तिसऱ्या स्लाइडवर गेला,
त्या साच्यात फोटो आपोआप गोल कापले जातात:
चेहरा राहिला,
पाटी अर्धी राहिली,
चपला गेल्या.

वीसपैकी सतरा.
सरांचा शेरा, लाल शाईत:
'कोनाची कल्पना अभिनव.'

पुढच्या बुधवारी मी एकटीच गेले.
कुणाला सांगितलं नाही, का ते मलाही सांगितलं नाही.
ती तिथंच, ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर पाय ठेवून,
चपला त्यांच्या कामावर.
'पाय भाजत नाहीत?'
'भाजत्यात की. म्हून तर बाराच्या आत इकून मोकळी व्हते.'
आमच्या घरी शेपू कुणी खात नाही.
मी दोन जुड्या मागितल्या.
तिनं वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या,
माझ्याकडे नीट पाहिलं.
'तवा लई जणं होता. पास झाला का समदे?'
'झालो,' मी म्हटलं.
'कशात?'

मागं गिऱ्हाईक अडलं होतं.
मी बाजूला झाले.