शून्य पूर्णांक तीन

सहा ट्रक मागवले होते, आले चारच.
एकाची क्लच प्लेट घाटात गेली,
दुसऱ्याचा ड्रायव्हर बहिणीच्या लग्नात
परवापासून झोपलेला.

स्वानेतीत नोव्हेंबरची दुपार
चार वाजताच डोंगरामागे सरते.
त्सियाला गेलोवानी पुलाखाली, फळ्यांच्या माचाणावर,
मांडीवर वही,
समोर मनगटी घड्याळाएवढी तबकडी,
तिच्या काट्यापासून
मिलिमीटरचा शंभरावा भागही लपत नाही.

‘चोवीस टन कमी पडतात!’ ती वर ओरडली.

मग गावानं वजन आणलं.
तळघरांतून बटाटे निघाले, पन्नास किलोची पोती, तीनशे;
सहकारी सोसायटीचा ट्रॅक्टर,
आठ गायी, पुलावर पाय ठेवायला नाखूश,
आणि उरलेल्या जागी
बटाट्याच्याच काट्यावर तोललेली
एक्केचाळीस माणसं.

दुकानवाली दारिको म्हणाली, बासष्ट लिहा.
काटा म्हणाला एक्क्याऐंशी.
‘पुलाशी खोटं बोलू नका,’ आवाज खालून आला.

सगळे उभे राहिले. कुणी खोकलंही नाही.
काटा निघाला.
चार. सात. साडेनऊ.
अकरा पूर्णांक चारवर येऊन
जरा थरथरला, थांबला.

‘वाकला!’ कठड्याला पोट टेकून
लुखुमी किंचाळला, वय वर्षं नऊ,
आणि दोन गायींनी त्याला दुजोरा दिला.

वाकू दे की.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणारे
तिनं पुष्कळ पाहिलेत:
जुन्या गिरणीतले बिडाचे खांब,
आणि एक सख्खा मामा.
तक्रार नाही, कुरकुर नाही,
एका थंड सकाळी
सरळ दोन तुकडे.

गावाला वाटतं, बांधणाऱ्यानं पुलाखाली बसायचं,
ही जुनी रीत, हिमतीची.
पण ती तबकडी सोडून
अधूनमधून पाण्याकडे बघते, खांबापाशी,
जिथे भोवरा फिरतो, छोटा,
कपात साखर ढवळल्यासारखा.

आधीचा पूल एर्मिलेचा, तिच्या वडिलांचा.
त्याची वही अजून तिच्या खणात आहे.
दोन मीटर बर्फ धरलं होतं त्यानं,
वारा, भूकंप, मेंढरांचा कळप,
रणगाडासुद्धा (कधी काळी येईल म्हणून, पेन्सिलीनं).
वरून येणारं सगळं मोजलं,
वर दीडपट.
नदी वरून आली नाही.
अडतीस वर्षं ती पायाखालची वाळू
चमच्याचमच्यानं उचलत राहिली,
आणि मे महिन्यातल्या एका रात्री,
पुलावर कुणीच नसताना,
मधला खांब खाली बसला,
माणूस बातमी ऐकून बसतो तसा.

एर्मिले काठावर आला,
टोपी काढून पुन्हा घातली.
त्यानंतर त्यानं कोंबड्यांची खुराडीसुद्धा
दुसऱ्याकडून बांधून घेतली.

नवे खांब अठरा मीटर खाली, खडकात.
तरी ती बघतेच.

‘उतरा!’
माणसं आधी, मग गायी, मग पोती,
ट्रक शेवटी, मागे मागे येत.
काटा परतला: नऊ, पाच, दोन, एक,
आणि शून्याच्या अलीकडे
उंबऱ्यावर अडखळल्यासारखा थांबला.
शून्य पूर्णांक तीन.

तिनं अर्धा तास वाट पाहिली.
हाताची बोटं काखेत घातली.
तीनच.

लुखुमी खाली उतरून आलेला.
‘बाकीचं परत आलं, मग हे तीन कुठे गेलं?’
‘बोल्ट बसले असतील आपापल्या जागी.
नव्या बुटात पाय बसतो ना, तसं.
मानकात बसतं एवढं.’
‘उद्या येईल परत?’
‘नाही. ते पुलाचं.’

वहीत तिनं आकडा लिहिला, वेळ लिहिली,
शेवटच्या रकान्यात, जिथे ‘शेरा’ लिहायचा,
टोक टेकवलं पेनाचं
आणि तसंच उचललं.

वर बटाटे घरोघर परतत होते.
कुणाचं पोतं कुणाचं यावरून
भांडण बरंच रंगलं होतं.
तेवढ्यात एक कुत्रा,
हिशोबात कुणीच न धरलेला,
पुलाच्या ऐन मधोमध आला,
बसला, कान खाजवला,
पलीकडे गेला.

त्सियालानं चष्मा वर सरकवून
काट्याकडे पाहिलं.