एका पायावर

ऑगस्ट सरत आला. कणसांतलं दूध घट्ट होऊ लागलं
आणि अख्ख्या टेमरॅक गावाला पुन्हा तोच ताप चढला.
न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चच्या पायरीवर,
दाताच्या डॉक्टरांकडे तोंड वासून पडलेला माणूससुद्धा
तेच बोलू बघतो: यंदा आपले बगळे.

हो, बगळे. आमच्या कॉलेजच्या टीमचं नावच ते.
निळ्या हेल्मेटवर राखी पक्षी, एका पायावर उभा.
ग्रँट रिव्हरवाले विचारतात,
दुसरा पाय कुठे गहाण टाकलात?
विचारू देत.

मी धान्याच्या कोठारावर काटा सांभाळते, सव्वीस वर्षं झाली.
ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा,
वजाबाकी करून पावती फाडायची.
आशेचं तसं नाही.
ती रिकामी करून तोलताच येत नाही.

डेल म्हणतो, क्वार्टरबॅक आता मुरलाय,
पुढची फळी म्हणजे एका ओळीत उभे पाच फ्रीज,
यंदा करंडक आपलाच.
जानेवारीतल्या फायनलसाठी त्यानं
मोटेलची खोलीसुद्धा हेरून ठेवली.
बाजारात तुरी, मी म्हणते,
आणि तो घोरायला लागला की
हळूच त्याच मोटेलला फोन लावून विचारते,
नाश्ता धरून किती?

मागच्या नोव्हेंबरचं सांगते.
चार सेकंद उरलेले. दोन गुणांनी मागे.
एकतीस यार्ड. एवढी किक तो झोपेतही मारायचा.
तो म्हणजे इमेट ब्रेकी, दाताच्या डॉक्टरांचा धाकटा,
वय एकोणीस.
चेंडू डाव्या खांबावर आदळला.
रिकाम्या पातेल्यावर पळी आपटावी तसा आवाज,
आठ हजार माणसांनी ऐकलेला.
मग सगळं चिडीचूप, फक्त एक बाई
किंचाळत होती, नको नको ते,
त्या पोराच्या आईवरून.

ती बाई मी.
त्याची आई तीन रांगा पुढे बसली होती.
वळली नाही. मफलर तेवढा सारखा केला.
तेव्हापासून दाढ ठणकली तरी
मी चाळीस मैल गाडी हाकत पलीकडच्या गावाला जाते.

जूनपासून तो रोज येतो,
कोठारामागच्या पडीक जागेत, संध्याकाळी सातला.
दोन पाइप रोवलेत. पोत्यात बारा चेंडू.
एक पाय जमिनीत, एक हवेत,
पुन्हा, पुन्हा, अंधारात चेंडू दिसेनासा होईपर्यंत.
मी खिडकीतून बघते. हिशेब दोनदा चुकतो.

परवा एक चेंडू वेडीवाकडी टप्पे खात
थेट माझ्या काट्यावर येऊन थांबला.
मी आकड्याकडे बघितलं.
शून्य.
ज्यानं गावाचा हिवाळा नासवला
त्याचं वजन शून्य.

तो धावत आला, चेंडू उचलला,
काट्यावर उभा राहून म्हणाला,
"बंद आहे का हा?"
"वीस पौंडांखालचं काही धरत नाही," मी म्हटलं.
"बरं आहे की," तो हसला.
आकडा एकशे ऐंशी दाखवत होता.
जिभेवर आलेलं मी गिळलं
आणि सवयीनं त्याची पावती फाडली.
त्यानं ती घडी घालून मोज्यात खोचली.

आता घोडामैदान जवळ आहे. शनिवारी पहिली मॅच.
करंडक मला हवाय. खोटं कशाला बोलू?
हवाय, म्हणजे पोटात दुखेल इतका हवाय.
मुख्य रस्त्यावर मिरवणूक, शाळेला सुट्टी,
ग्रँट रिव्हरच्या लोकांनी आठवडाभर
आमच्या पंपावर पेट्रोल भरायला येऊ नये.
आणि पुन्हा चार सेकंद उरलेच
तर मफलर तोंडात कोंबून बसेन. माझा मलाच शब्द.

पण एक राहून गेलं, इमेट.
कोठाराच्या बाजूच्या खांबांवर मारताना
वारा डावीकडे ओढतो.
झेंड्यावरून कळत नाही, झेंडा खोटं बोलतो.
सव्वीस वर्षं भुसा कुठे उडतो ते बघतेय मी.
एवढं तरी
पावतीच्या मागे लिहायला हवं होतं.