कुंपणाला चिंध्या

कुंपण आमचं सळयांचं.
जालन्याच्या मिलमध्ये कापून उरलेले तुकडे,
कुठला वीतभर जास्त, कुठला वीतभर कमी,
दिगंबरनं सायकलला बांधून आणले, दोन वर्षं.
शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या,
"दात पडलेल्या तोंडासारखं दिसायलंय की गं हे."
दिसत होतंच तसं.

म्हणून कृष्णकमळ.
बदनापूरच्या नणंदेकडून फांदी आणली
ओल्या गोणपाटात, एसटीत मांडीवर धरून.
नळ आठव्या दिवशी.
मधल्या दिवसांत तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं,
पोरीच्या आंघोळीचं,
साबण लावायच्या आधीचं.

होळीला वेल छातीला लागली
आणि चैत्रात करपली.
मुळाशी नाही, टोकाशी.
पुढं पुढं चाचपडणारे तिचे ते तंतू,
जुन्या फोनच्या वायरीसारखे पिळाचे,
सळईला धरायचे आणि काळे पडायचे.
दुपारी मी बोट लावून पाहिलं,
चटकन तोंडात घातलं.
भट्टीतून निघून इतकी वर्षं झाली तरी
लोखंड काही विसरलेलं नाही.

दिगंबरला बोलले नाही.
त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत डाग आहेत,
कातडी तिथं चकाकते, केस उगवत नाहीत.
सवय होते, म्हणतो.
वेलीला हे कोण सांगणार?

मी जुना परकर फाडला.
चार सळयांतच कापड संपलं.
रात्रपाळीहून तो आला
आणि चहा गार होईस्तोवर
त्या चार सळयांपाशी उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून निघाले
हातमोजे. सुती, तळव्याला जळालेले,
मिलनं टाकून दिलेले, सात-आठ जोड.
त्यानं बोटं कापून सळयांच्या टोकांना घातली,
तळव्यांच्या पट्ट्या केल्या,
खालपर्यंत गुंडाळल्या, गाठी मारल्या.
"लोक हसतील," मी म्हटलं.
"हसू दे की."

आषाढात फूल आलं.
शेवंताबाईंनी आत पाच पांडव दाखवले, भोवती शंभर कौरव.
मी मोजले. शंभर काही भरले नाहीत.
दुसऱ्या दिवशी फूल मिटलंसुद्धा.

पण एक तंतू
मोज्याच्या करंगळीला धरून बसलाय.
पाच वेढे.
काल सहज सोडवून पाहिला,
सोडेना.