अंबाडी, न खाण्यासाठी

कॉलेजच्या दप्तरी माझं पद प्रयोगशाळा परिचर.
म्हणजे काचेच्या बशा धुणं, कुकरात वाफ धरणं,
आणि मॅडम विसरल्या तर इन्क्युबेटरचं बटण बघणं.
तीस अंश लागतात आतल्यांना.
बाहेर अमळनेरात चैत्रातच चव्वेचाळीस,
म्हणजे आमच्याकडं जंतूंनाही जगायला
गारवा द्यावा लागतो.

माती आणायला मीच गेलो होतो,
बोरीकाठच्या पडक्या भट्टीमागं,
जिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे.
कौलं गेली, पत्रे गेले, मालक सुरतेला गेला.
शिसं राहिलं.
मॅडमनी बजावलं होतं, बागायतीतली नको,
जिथं काही उगवत नाही तिथलीच आण.
तिथं जे तगले असतील, त्यांनाच विचारू
कसे तगलात.

भिंतीला खेटून एक रुई होती, वीतभर,
पानांवर काळी धूळ.
तिच्या मुळाशी चमचाभर खरवडलं.

हिलालआप्पा दगडावर बसून बघत होता.
नऊ वर्षं त्यानं इथं कोयत्यानं बॅटऱ्या फोडल्या.
आता विडी पेटवायला तीन काड्या लागतात,
हात धरत नाही.
"आठे कुसय बी उगस नही, भाऊ. काय लई चालना?"
"जीव," मी म्हटलं.
तो हसला, तेव्हा हिरड्यांवरची निळी रेघ दिसली.

बशीत शिसं कालवलं. पहिल्या रात्री बरेच गेले.
सातव्या दिवशी तीन ठिपके उरले,
ताकाच्या शिंतोड्याएवढे, त्यातला एक पिवळसर.
मी त्यांना नावं ठेवली नाहीत.
नाव ठेवलं की बशी धुणं जड जातं.

मग गूळपाणी, कोळशाची भुकटी,
आणि त्यात अंबाडीचं बी घोळून काळं केलं.
सावलीत वाळवलं, भट्टीमागं पेरलं.
दोन ओळी तशाच कोऱ्या बियाण्याच्या,
फरक कळावा म्हणून.

"शिशाला मारत नाहीत ते," मॅडम म्हणाल्या,
"मुळाभोवती चिकट काहीतरी विणतात, त्यात अडकवून ठेवतात."
मला आमच्या लग्नातला तात्यामामा आठवला.
प्यायलेल्या पाहुण्याच्या खांद्यावर हात टाकून
तो मांडवाबाहेर बसून राहिला होता,
शेवटची पंगत उठेपर्यंत.
स्वतः जेवला की नाही
कुणी विचारलंच नाही.

कानबाईचे रोट झाले त्या आठवड्यात
कोऱ्या ओळी बोटभर होऊन पिवळ्या पडल्या.
काळ्या बियाण्याची अंबाडी कमरेला लागली.
लाल देठ, कोवळी पानं.
बघूनच जिभेच्या कडेला आंबट पाणी सुटावं.

हिलालआप्पा टॉवेल पसरून खुडायला बसला.
"कयनानी भाकर करेल शे घर," म्हणाला.
मी त्याचा हात धरला.
माझ्या हातात तो थरथरत राहिला,
पंख दुमडलेल्या पाखरासारखा नव्हे,
नुसता, हातासारखा.
"आप्पा, ही खायची नाही."
"खावानं नही, ते मंग उगाडी कसाले?"

मॅडमकडं आलेख होता.
माझ्याकडं एवढंच: माती उडू नये म्हणून.
पावसात नदीत उतरू नये म्हणून.
"शिसं कधी जाई?"
जाणार नाही. जागच्या जागी बसेल, फार तर.

त्यानं टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला.
दुसऱ्या दिवसापासून शेळ्या हाकलायला
तो काठी घेऊन तिथंच.
कुणी सांगितलं नव्हतं, पगार तर नव्हताच.
वाख निघेल एवढी उंच झाली अंबाडी,
एका संध्याकाळी त्यानं विचारलं,
शेळीकडं बघत, जसं काही तिलाच:
"त्या जीव मन्हा आंगमा सोडता येतीन का?"

मॅडमना सांगितलं.
त्यांनी दुर्बिणीवरून डोळा उचलला नाही बराच वेळ.
खाली काचेवर काहीच ठेवलेलं नव्हतं.

घरी निघताना मी बटण बघितलं.
तीस अंश.
सायकलपर्यंत जाऊन परत आलो,
पुन्हा बघितलं.